प्रोस्टेटची गोळी, आठ महिन्यांनंतर (आणि त्या पिशवीच्या तोटीबद्दल)

टॅमसुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली कॅप्सूल मी डिसेंबरपासून घेतोय. ज्यांच्या घरात प्रोस्टेटचा पेशंट आहे त्यांना ही नावं पाठ असतात. बाकीच्यांसाठी एवढंच, प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची गाठ, ती वाढली की लघवी अडते, त्यावरची ही गोळी.

सुरुवात भरीत पार्टीपासून झाली. यावलकडे शेतात थंडीत बसलो, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या दाबून हाणल्या आणि सर्दी घेऊन अमळनेरला आलो. मेडिकलवाल्याने सर्दीची गोळी दिली. दुसऱ्या रात्री लघवी बंद. थेंब नाही. पोट तट्ट फुगलं, पहाटे दवाखान्यात नळी घातली तेव्हा ९०० मिली निघाली. सर्दीच्या गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, हे तिथे पहिल्यांदा कळलं. आधी धार बारीक होती, रात्री चारदा उठत होतो, पण वय म्हणून सोडून दिलं होतं. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करताना लघवी धरून ठेवली त्याचं हे फळ, अशी माझी समजूत होती. डॉक्टर म्हणाले, वयाचा आणि हार्मोनचा खेळ आहे, एसटीवर ढकलू नका.

आता तोटी. नळीला जी पिशवी लावतात तिच्या खाली प्लॅस्टिकची तोटी असते. ती बंद केली तरी गळायची. जळगावहून येताना बसमध्ये पँट ओली, आणि गाडीवरचा कंडक्टर माझाच जुना चेला. ‘काय व्हयनं, आबा?’ म्हणून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं त्याने. हजारोंच्या तपासण्या सांगणाऱ्या माणसांना एक तोटी धड मिळत नाही? बदलून मागितली तर काउंटरवर म्हणे, सगळ्यांना हीच देतो. दोरीने बांधून पाच दिवस काढले.

जळगावच्या सर्जनने दोन रस्ते सांगितले. दुर्बिणीतून ऑपरेशन, बाहेर टाका नाही, किंवा गोळी सुरू करून नळी काढून बघायची. माझी प्रोस्टेटची गाठ ५२ ग्रॅम. शेजारच्या नानांची ८० ची आहे आणि ते रात्री एकदाच उठतात, तेव्हा नुसत्या आकड्याला घाबरू नका. डॉक्टरचं लक्ष शिल्लक राहणाऱ्या लघवीवर होतं. नळी काढल्यावर लघवी आपली आपण सुटली, पण १८० मिली मागे राहिली. खर्च ऐकला आणि मी गोळी धरली. खरं कारण तेच.

पहिल्या आठवड्यात धार सुधारली, म्हणून जानेवारीत मी सगळ्यांना सांगत सुटलो, गोळी घ्या रे. ते श्रेय टॅमसुलोसिनचं. गाठ बारीक करणारं ड्युटास्टेराइड सहा-सहा महिने घेतं. मे महिन्यात मात्र मत फिरलं. पारा ४४ वर, दुपारी खाटेवरून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी, दाराची कडी धरून उभा राहिलो. गोळीने बीपी उतरतं, त्यात मी रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचो. तेव्हा चिडून चार दिवस बंद केली. पाचव्या रात्री पुन्हा जोर द्यावा लागला. मग डॉक्टरला विचारून रोज रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला लागलो, उठताना आधी पाय सोडून मिनिटभर बसतो, पाणी दिवसा पितो आणि संध्याकाळी कमी करतो. अंधारी गेली.

आणखी काही गोष्टी. सूनबाई गरोदर आहे, तिने ही कॅप्सूल हाताळायची नाही, फुटली तर औषध कातडीतून आत जातं. डबी आता माझ्या पेटीत असते. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला ही गोळी आधी सांगा, बुबुळ ढिलं पडतं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय बघायची रक्ततपासणी, तिचा आकडाही या गोळीवर सहा महिन्यांनी साधारण निम्मा दिसतो, तो बघून खूश होऊ नका, डॉक्टरला सांगा. बाकी एक साइड इफेक्ट आहे, विवाहित माणसाला आपोआप कळतो.

जुलैत सोनोग्राफी झाली. शिल्लक ६० मिली. लघवीचा त्रास मोजायचा सात प्रश्नांचा फॉर्म असतो, जास्त आकडा म्हणजे जास्त त्रास, त्यावर २२ वरून ९ वर आलो. एकाच औषधाची कंपनीची स्ट्रिप आणि जनऔषधीची यांच्या भावात निम्म्याहून जास्त फरक आहे. डॉक्टरला विचारूनच बदलली, फरक जाणवला नाही. तीन महिने कंपनीचे पैसे मोजले, ते आठवलं की अजून जीव जळतो.

डॉक्टरने बजावून ठेवलंय: पुन्हा तुंबली, वारंवार इन्फेक्शन झालं, मूत्राशयात खडा झाला किंवा किडनीवर ताण दिसला, तर गोळीचा हट्ट सोडायचा. ऑपरेशननंतरही एक-दोन दिवस नळी असतेच म्हणे. म्हणून मी जळगावला तीन दुकानं फिरून वेगळ्या तोटीची पिशवी आणून ठेवलीय. पाणी भरून रात्रभर टांगून पाहिली, सकाळी खालची फरशी कोरडी होती. वेळ आलीच तर पिशवी मी घरूनच नेणार.