इंजिनाचं हेड उतरवलंच नव्हतं, बिल मात्र 23,400 रुपयांचं

मागच्या पावसाळ्यात बाबांना घेऊन पुण्याहून वाईला निघालो होतो. खंबाटकीच्या चढावर गिअर खाली घेतला आणि बॉनेटखाली सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. उतरून पाहतो तर एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण क्लिपांसकट उडालेलं, आतला कागद फाटलेला. गाडी चार सिलिंडरची, जुनी, मागाहून मिक्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेतच गॅस मिसळणारं) सीएनजी किट बसवलेली. पेट्रोलवर टाकली तर ती बरी चालली, म्हणून कसेबसे पोहोचलो.

पुण्यात परतल्यावर एका ओळखीच्याने सुचवलेल्या गॅरेजला गेलो. फक्त सीएनजीवर बॅक मारते, म्हणजे असा स्फोट होतो, हे मी आवर्जून सांगितलं. मालकाने दोनदा रेस दिली, ऐकलं आणि निकाल दिला: "वॉल्व्ह गेलेत, हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्यातच वॉल्व्ह, म्हणजे झडपा असतात. मी जरा थांबू म्हणालो, तर म्हणाला, "वडिलांना घेऊन फिरता ना साहेब? रस्त्यात पेट घेतला तर?" त्या एका वाक्यावर मी होकार दिला. त्याचा मला अजूनही राग येतो, कारण त्याने माझ्या काळजीचाच फायदा घेतला. सीएनजीवर वॉल्व्ह आणि त्यांच्या सीट लवकर झिजतात हे खरं आहे. म्हणूनच त्याचं बोलणं पटलं.

पाच दिवसांनी गाडी मिळाली. साध्या कागदावर हिशोब: हेड गॅस्केट, वॉल्व्ह ग्राइंडिंग, फेसिंग (हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं), मजुरी, एकूण 23,400. आठवड्याभरात कात्रजच्या चढावर पुन्हा तोच स्फोट. आता तोच गॅरेजवाला म्हणे किट बदला.

मग शेजारच्या काकांनी त्यांच्या जुन्या मेकॅनिककडे नेलं. त्याने आधी काही न खोलता टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर जसाच्या तसा होता, त्यांना पानाच लागला नव्हता. रेडिएटरचं झाकण उघडलं तर कूलंट तेच जुनं, तांबूस. कूलंट काढल्याशिवाय हेड उतरत नाही, एवढं तर कोणीही सांगेल. मला तिथे उभं राहवेना.

त्याने स्पार्क प्लग काढून कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले, म्हणजे वॉल्व्ह ठीक होते. प्लगांचा गॅप मात्र झिजून 1 मिमीच्या वर गेला होता. मग शटर ओढून, अंधार करून इंजिन चालू ठेवलं. तिसऱ्या प्लगच्या केबलवरून कव्हरकडे बारीक निळी ठिणगी टकटक उडत होती.

ठिणगी सिलिंडरमध्ये पडण्याऐवजी बाहेर गळत होती. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर गाडी निभावून नेत होती. ठिणगी चुकली की मिश्रण न जळता सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे फुटतं. ती कमजोर असली की मिश्रण रेंगाळत जळतं, इनटेक वॉल्व्ह उघडतो तरी आत आग असते. मिक्सरच्या किटमध्ये तर सगळा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणारा पाइप, गॅसने भरलेला असतो, मग डबा उडणारच. चार प्लग, केबलचा सेट आणि मजुरी धरून 2,150 रुपये झाले. त्यानंतर एकदाही आवाज नाही.

तुमची गाडी बॅक मारत असेल तर दुर्लक्ष करू नका, पण आधी प्लग, केबल किंवा कॉइल, एअर फिल्टर आणि इनटेकचे तडकलेले पाइप बघायला सांगा. टायमिंगही, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते का तेही, बघून घ्या. कोणी हेडची भाषा केली तर कंप्रेशनचं रीडिंग स्वतः उभं राहून बघा आणि काढलेले पार्ट परत मागा. फेसिंग बहुतेक गॅरेजवाले बाहेरच्या वर्कशॉपमधून करून आणतात, तिथली पावती मागा. मी यातलं काहीच केलं नाही.

बोल्टांचे आणि कूलंटचे फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजला गेलो. बरीच बाचाबाची झाल्यावर त्याने 9,000 परत केले, बाकीच्याला चक्क नकार. पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे पुरावा आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, फक्त 2 वर्षांच्या आत जावं लागतं. दुसऱ्या मेकॅनिकने कंप्रेशनचे आकडे लिहून, सही करून दिलेत, तेही जोडतोय.