‘प्रशस्त’ अ‍ॅप : वर्गशिक्षिकेच्या नजरेतून

विशेष गरजा असलेली मुले शाळेच्या पातळीवरच ओळखता यावीत म्हणून एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध करून दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद असलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठीची पडताळणी सूची त्यात आहे. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात आणि ज्या मुलांविषयी शंका येते त्यांच्यासाठी दुसरा भाग विशेष शिक्षक किंवा समुपदेशक भरतात. त्यावरून शाळेचा अहवाल तयार होतो. प्राथमिक शाळेत वर्ग सांभाळणारी शिक्षिका म्हणून मला यातला पहिला भागच अधिक मोलाचा वाटतो.

शिक्षकखोलीत अशा मुलांविषयी जे बोलले जाते ते बहुधा निरीक्षण नसून शेरा असतो : ‘लक्षच नसते’, ‘घरी कोणी अभ्यास घेत नाही’, ‘डोके आहे, पण आळशी आहे’. सूची भरायला बसल्यावर असे शेरे चालत नाहीत. मूल फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळते का, पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरते का, मागून हाक मारल्यावर वळून पाहते का, अशा गोष्टी मुद्दाम पाहाव्या लागतात आणि मग आळशी ठरवलेल्या एखाद्या मुलाला मुळात चष्म्याची गरज आहे, हेही ध्यानात येते.

मात्र ‘अंक उलटसुलट लिहितो’ अशा स्वरूपाची नोंद करताना मराठी माध्यमाच्या शिक्षकाने सबुरीने घ्यावे. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारी मुले दुसरीच्या वर्गात सर्रास आढळतात, कारण आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर. (बालभारतीने २०१९ मध्ये ‘साठ तीन’ असे वाचन सुचवले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!) घरी पावरी किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी वाचताना अडखळते, तेही पुष्कळदा भाषा नवी असल्यामुळे, त्याला अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील मूळच्या अडचणीच्या) यादीत ढकलणे अन्यायाचे होईल. विशिष्ट अध्ययन अक्षमतेची चाळणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करावी, असे केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. त्याआधी घाई नको.

खरी अडचण अ‍ॅपच्या बाहेर आहे. ही केवळ चाळणी असून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे, आणि दहावीला लेखनिक किंवा तासाला २० मिनिटे जादा वेळ हवा असेल तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडील विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असल्या की दुसरा भाग भरायचा राहून जातो. पुढे प्रमाणपत्रासाठी पालक एका दिवसाची मजुरी बुडवून रुग्णालयात जातात, तेव्हा मानसशास्त्रज्ञांचा वार वेगळा असल्याचे त्यांना तिथे गेल्यावर कळते.

तरीही शाळांनी हे अ‍ॅप वापरावे, असेच मी म्हणेन. फक्त जूनमध्येच सूची भरून मोकळे होऊ नये. पहिली घटक चाचणी होऊन मुले पुरेशी परिचयाची झाल्यावर ती भरावी आणि अहवाल पुढे पाठवण्यापूर्वी पालकांशी नीट बोलावे. मुलाला पहिल्या बाकावर बसवणे, त्याचे तोंडी उत्तर ग्राह्य धरणे, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापून देणे, यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.