इम्प्लांटचं स्टिकर हातात पडल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका

एकूण २,२४,२०० रुपये गेले. १,९०,००० चं पॅकेज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ३४,२००. माझ्या छातीत दोन्ही बाजूंना जे इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार वाढवायला आत बसवायची सिलिकॉनची पिशवी, बसवलंय ते कुठल्या कंपनीचं, किती मापाचं, गुळगुळीत की खरखरीत, हे मला आजही माहीत नाही आणि ज्यांनी बसवलं ते सांगत नाहीत. हे सगळं चारचौघांत लिहायची लाज वाटते. पण निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या बायका अजून मला गाठणाऱ्या बेळगावातल्या त्याच ऑफिसची पायरी चढताहेत असं कळलं, म्हणून लिहिते.

आधीच सांगते, मी हौसेसाठी गेले नव्हते. आणि कोणी हौसेने गेली तरी तिला लुबाडायचा हक्क कुणाला मिळत नाही. वयात आल्यापासून माझी डावी बाजू उजवीपेक्षा बरीच लहान. मी शिवणकाम करते. गावभरच्या बायकांची मापं घ्यायची आणि आपल्या ब्लाउजला मात्र डावीकडून दुपदरी पॅड टाचायचं, यात माझी उमेद गेली. पैसे माझे होते, कुणाकडे मागितले नव्हते.

असली दुकानं कशी चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोबाईलवर जाहिरात, लगेच फोन, आज बुक केलं तर सूट, उद्या भाव वाढणार. ऑफिस बेळगावात, ऑपरेशन सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे महाराष्ट्रातल्या एका शहरात. हे असं दोन राज्यांत का ठेवलंय ते नंतर कळलं. २५,००० फोनवरून, १,५०,००० त्यांनीच जुळवून दिलेलं कर्ज, आणि ४९,२०० रोख. रोखीतला बहुतेक पैसा माझ्या भिशीचा.

समुपदेशक म्हणून बसलेली मुलगी गोड बोलायची. गोल आणि थेंबाच्या आकाराचे नमुने हातात द्यायची, दाबून बघा म्हणायची. काखेतून चीर घेतली तर छातीवर व्रण राहत नाही, त्याचे ३०,००० जास्त, असं तिने तीनतीनदा सुचवलं. मी नको म्हटलं. ठरलं ते असं: सिलिकॉन जेलचं, गोल, गुळगुळीत इम्प्लांट, उजवीकडे २०० सीसी आणि डावीकडे ३२५, चीर स्तनाखालच्या घडीत. हे सगळं तिने वहीत लिहिलं. त्या पानाचा फोटो मागितला तर म्हणाली, “अहो ताई, तुमच्या फाइलला लागणारच आहे ते.”

आता तो क्षण. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, उपाशी पोटी, गाऊन घालून, चष्मा काढून ठेवलेला, तेव्हा माझ्यापुढे इंग्रजीतलं संमतीपत्र ठेवलं. पॅडला दोरीने बांधलेलं पेन. डोळ्यांजवळ धरून वाचलं तर प्रकार, माप, कंपनी, चीर, चारही रकाने कोरे. मी विचारलं. नर्स म्हणाली, “डॉक्टर आत भरतात, ते सगळ्यांचं तसंच असतं.” आणि मला सही करायला लावली. तो कोरा कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तिथेच उठायला हवं होतं असं आता जे म्हणतात त्यांनी सांगावं, सलाईन लावलेली, सगळे पैसे भरलेली, घरी गाठ काढायला जाते असं सांगून आलेली बाई कशी उठणार? मी विचारलं होतं. खोटं उत्तर त्यांनी दिलं.

शुद्धीवर आले तर चीर स्तनाग्राच्या काळ्या भागाच्या कडेने. दुधाच्या नळ्या तिथेच असतात, जंतू इम्प्लांटपर्यंत जायची भीती त्या वाटेने जास्त, संवेदना जाण्याचीही. म्हणूनच मी ती वाट नाकारली होती. डाव्या बाजूला अजून स्पर्श कळत नाही. सूज उतरल्यावर माझ्याच टेपने मोजलं, तर दोन बाजूंतला फरक होता तेवढाच. मापात मला कोणी फसवू शकत नाही.

पुढे डावी बाजू दगडासारखी घट्ट व्हायला लागली. शरीर इम्प्लांटभोवती जे आवरण तयार करतं ते आवळलं की असं होतं. दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कार्ड कुठंय?” तेव्हा समजलं की प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात सुटी स्टिकरं येतात. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर आणि सिरियल नंबर. एक केसपेपरवर चिकटवायचं, एक पेशंटच्या कार्डावर. उजव्या-डाव्याचे सिरियल नंबर वेगळे असतात.

हे नुसतं कागदी काम नव्हे. फ्रान्सची पीआयपी कंपनी इम्प्लांटमध्ये कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होती, ते २०१० मध्ये उघड झालं. २०१९ मध्ये ॲलर्गनने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांचा एका प्रकारच्या लिम्फोमाशी, म्हणजे कॅन्सरशी, संबंध दिसला होता. उद्या असं काही पुन्हा जाहीर झालं, तर त्यात माझं आहे का हे मी कशावरून बघू?

भांडल्यावर त्यांनी कार्ड पाठवलं. दोन्ही बाजूंना २७५ सीसी आणि दोन्हींवर एकच सिरियल नंबर! कार्डावर ज्या कंपनीचं नाव होतं तिच्या वितरकाला मेल केला. उत्तर आलं, हा नंबर आमच्या नोंदीत नाही.

त्यानंतर सुरू झाली कचेऱ्यांची वारी. इकडच्या ठाण्यात म्हणाले, ऑपरेशन महाराष्ट्रात झालं, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे बेळगावात दिले, बेळगावातच जा. इकडे मराठी अर्ज पुढे केला तर, “अक्का, कन्नडदाग बरदु कोड्री,” म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. हे आम्ही सीमाभागातल्या माणसांनी किती वर्षं सांगत राहायचं? कन्नडमध्ये करून नेला. मग हवालदाराने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, “छातीचं ऑपरेशन” शब्दावर थांबून माझ्याकडे बघितलं. महिला पोलीस आहे का विचारलं तर बंदोबस्ताला गेलीय.

नंतरचं कारण असं की डॉक्टरच्या हलगर्जीपणाला आधी तज्ज्ञांचा अभिप्राय लागतो. अरे, पण मी हलगर्जीपणाची तक्रार केलीच नव्हती! एक माल दाखवून दुसरा दिला, खोटं कार्ड बनवलं, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवायला सांगितली आहे. हे मी शिलाई मशीनवर बसून वाचलं, त्यांना कसं माहीत नाही? आरोग्य खात्याच्या एका कचेरीत सांगितलं, इथे त्यांचं नुसतं ऑफिस आहे, दवाखाना नाही, आमच्यात बसत नाही. दोन राज्यांच्या मधल्या फटीतच त्यांनी दुकान थाटलंय आणि प्रत्येक साहेब ती फट रुंद करून देतोय.

जीएसटीचंही ऐका. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला जीएसटी लागतो. पण जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा अपघात यामुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेला सूट आहे. माझ्या नात्यातल्या सीएने हे दाखवलं. म्हणजे ३४,२०० मुळातच घ्यायला नको होते, आणि घेतले तेही साध्या पावतीवर, जीएसटी नंबर न घालता. तुमचं कारण असं असेल तर डॉक्टरांकडून ते निदान लिहून घ्या.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का, ते नोंदणी क्रमांकावरून तपासा, भिंतीवरच्या फ्रेमवरून नको. काखेतली चीर वाईट नसते, पण तिथून दुर्बिणीशिवाय नीट दिसत नाही आणि पुढे दुरुस्तीला बहुधा वेगळी चीर द्यावी लागते, हे विकणारी सांगणार नाही. इम्प्लांट जन्मभराचं असतं असं कोणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. सीलबंद डबा ऑपरेशनआधी स्वतः बघा, घरच्या कुणाला तरी खरं सांगून सोबत न्या. कोरा रकाना दिसला तर रेघ मारा आणि मगच सही.

शेवटी ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे ती हद्दीची पळवाट तिथे चालत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं, ती ठाण्यांच्या फेऱ्यांत घालवू नका. तक्रार दाखल झाली आहे, समोरच्यांना नोटीस निघाली आहे. कर्जाचा ७,२५० चा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातोच आहे. त्याच ऑफिसमधून जाऊन कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर आज आपलं कार्ड काढून दोन्ही सिरियल नंबर बघा. एकच असेल तर तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात तक्रार करा.