घोड्याच्या सांध्यासाठी मूलपेशी: पुण्यातील एका अश्ववैद्यकीय सेवेचा अनुभव

आमच्या घोडीच्या पुढच्या गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारे गुळगुळीत आवरण, झिजल्याचे निदान झाल्यावर आम्ही पुणे रेसकोर्सच्या परिसरातील एका अश्ववैद्यांच्या मूलपेशी (इतर प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या पेशी) उपचारसेवेची निवड केली. या सेवेचे मोठेपण असे, की पेशी कुठून घ्यायच्या याचा निर्णय मालकावर लादला जात नाही. प्रत्येक स्रोताची बाजू आधी नीट समजावून सांगितली जाते.

शेपटीच्या मुळाजवळील चरबी काढणे सोपे असते, तिच्यातून पेशीही भरपूर मिळतात आणि त्या प्रयोगशाळेत न वाढवता दोन-तीन दिवसांतच वापरता येतात. मात्र प्रयोगशाळेत कूर्चा घडवण्याच्या कसोटीवर, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन आणि प्रोटिओग्लायकॅन हे कूर्चेचे मुख्य घटक तयार करण्यात, छातीच्या किंवा कमरेच्या हाडातील मज्जेच्या पेशी चरबीच्या पेशींपेक्षा सरस ठरल्या आहेत. अडचण एवढीच, की मज्जेत या पेशी फार विरळ असल्यामुळे त्या वाढवण्यात काही आठवडे जातात, आणि हंगाम तोंडावर असलेल्या मालकाला तो काळ जड वाटतो. नाळेच्या रक्तातील पेशींची कूर्चाक्षमताही उत्तम आहे. पण ते रक्त शिंगरू जन्मतानाच साठवावे लागते, म्हणून आमच्यासाठी तो पर्याय नव्हता.

आम्ही मज्जा निवडली. प्रयोगशाळेतील यश सांध्यात तसेच उतरेल असे नाही, हे वैद्यांनी आम्हाला पैसे भरण्यापूर्वीच सांगितले, आणि माझ्या मते याच प्रामाणिकपणासाठी ही सेवा निवडावी. खर्च मात्र बराच आहे. पेशी वाढवण्याचे आणि नंतरच्या तपासण्यांचे शुल्क वेगळे आकारले जाते, ते आधीच लेखी मागून घ्यावे.