ब्रिटिश स्कूल ॲट रोम: स्टुडिओ झकास, पण सत्र निवडताना डोकं लावा

कला आणि पुरातत्त्व एकाच छपराखाली हवं असेल, तर रोममधल्या या निवासी संस्थेइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. संस्था १९०१ ची, आणि मुळात पुरातत्त्वाचीच. चित्रकार-शिल्पकार नंतर आले. वाल्ले जुलियातली सध्याची वास्तू एडविन लट्यन्सची. आपल्या नवी दिल्लीवालाच तो. इथे निवडलेल्या कलाकाराला खोली, जेवण, स्टुडिओ आणि मिळालेल्या पुरस्कारानुसार काही रक्कम मिळते. स्टुडिओ उंच छताचे आहेत आणि प्रकाश उत्तरेचा, म्हणजे दिवसभर जवळपास सारखा. तैलरंगात काम करणाऱ्याला आणखी काय हवं?

खरी मिळकत मात्र स्टुडिओबाहेर आहे: ग्रंथालयात आणि रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर. समोर बसलेला माणूस मातीच्या भांड्यांच्या काठांवरून काळ सांगणारा असतो, शेजारी कोणी रोमन रस्त्यांवर काम करत असतं. १९०६ ते १९२५ या काळात संचालक असलेल्या थॉमस ॲशबी यांचा छायाचित्रसंग्रह इथेच आहे. रोमभोवतीची शेतं शहरानं गिळण्यापूर्वी कशी दिसत होती, ते त्यात पाहता येतं.

आता सत्रांबद्दल. वर्षात साधारण तीन सत्रं: सप्टेंबरअखेर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. इटलीतलं बहुतेक उत्खनन उन्हाळ्यात चालतं. त्यामुळे जानेवारीत आलेल्याला उघडा खड्डा बहुधा दिसतच नाही. त्याच्या वाट्याला ग्रंथालय, संग्रह आणि प्रयोगशाळा. हे वाईट नाही, पण अर्जात ‘उत्खननासोबत काम’ लिहून हिवाळ्याचं सत्र मागणं म्हणजे स्वतःच्याच प्रस्तावाला सुरुंग. खड्डा हवा असेल तर एप्रिलचं सत्र मागा आणि जूननंतरच्या एखाद्या उत्खननात राहण्याची परवानगी स्वतंत्रपणे मिळवा. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मिळत नाहीत.

खड्ड्यात गेल्यावर कलाकार हमखास चुकतात ते छेदचित्रात, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीतले मातीचे थर मोजून काढलेल्या रेखाचित्रात. तिथे सावल्या नकोत, थरांच्या सीमा हव्यात. समतल केलेली दोरी, टेप, ओळंबा, प्रमाण १:१०, टणक शिशाची पेन्सिल, आणि कागदाऐवजी ड्राफ्टिंग फिल्म (आरेखनाची प्लास्टिकची पातळ शीट), कारण कागद दमट हवेत ताणतो आणि मापं बिघडतात. रेषा कुठे ठाम आणि कुठे तुटक ठेवायची, हे थर किती स्पष्ट दिसतो त्यावर ठरतं. तुटक रेषेत ‘इथे खात्री नाही’ असं लिहिलेलं असतं. चित्रकारानं शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं तेच, आणि बरेच जण त्याऐवजी पडक्या कमानींची जलरंगं करून परततात.

चुंबकीय सर्वेक्षण, म्हणजे जमिनीच्या चुंबकत्वातले बारीक फरक मोजून गाडलेलं शोधणं, पाहायला मिळालं तर सोडू नका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फालेरी नोव्ही या गाडलेल्या रोमन नगराचा तटाआतला सुमारे ३० हेक्टरचा आराखडा या पद्धतीनं, कुदळ न मारता, समोर आला. त्यात या संस्थेचा हात होता. चौकटी आखून अर्धा किंवा एक मीटर अंतराच्या रांगांत उपकरण घेऊन चालायचं. चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही: पट्ट्याचं बक्कल, बुटातली पोलादी टोपी, कशानंही वाचन बिघडतं, आणि लोखंडी ईझलही लांबच ठेवावा. रोमभोवतीची ज्वालामुखी माती मुळातच चुंबकीय, म्हणून वाचनात गोंगाट, म्हणजे निरर्थक चढउतार, जास्त. दख्खनच्या बेसॉल्टवर हीच डोकेदुखी असते, तेव्हा आपल्याकडच्यांना ती नवी नाही.

बंद स्थळांच्या परवानग्या संस्थेमार्फत मागता येतात. पहिल्याच आठवड्यात यादी द्या. उत्तर यायला आठवडे लागतात. नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, उद्देश आणि कॅमेऱ्याची तिपाई आणणार का, हे लिहा. नफ्यासाठी नसलेली छायाचित्रं सरकारी संग्रहालयांत चालतात, तिपाईचं मात्र वेगळं. विना परवानगी कोरीव दगडावर कागद ठेवून ठसा घ्यायचा विचारही नको. उघड्यावर पडलेलं खापरही उचलू नका. जमिनीतलं पुरातन ते सरकारचं, हा तिथला कायदा.

सत्राच्या शेवटी प्रदर्शन असतं आणि शेवटचे दोन-तीन आठवडे त्यातच जातात, म्हणून हातात धरा दहा आठवडे. टर्पेंटाइन विमानातून नेता येत नाही. सामानासाठी पँथियनजवळचं १८२५ पासूनचं पोज्जी हे दुकान आहे. चालत काही मिनिटांवर व्हिला जुलिया संग्रहालय आहे. तिथली पती-पत्नीची एत्रुस्कन (रोमनांआधीच्या इटलीतल्या लोकांची) भाजक्या मातीची शवपेटी जवळपास ४०० तुकड्यांतून जोडलेली आहे. शिल्पकारांनी चेहऱ्यांआधी सांधे पाहावेत.

पात्रता प्रत्येक पुरस्काराची वेगळी: कुठे नागरिकत्व, कुठे वास्तव्याची वर्षं. भारतीय पासपोर्टवर सगळे दरवाजे उघडत नाहीत, आधी तेवढं वाचा. आणि शेंगेन व्हिसाची मर्यादा १८० दिवसांत ९० दिवसांची. सत्रच त्याच्या काठावर येतं. लवकर पोचायचं किंवा नंतर फिरायचं असेल तर राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो, आणि पोचल्यावर आठ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज.