डाळमिलमधला कंटिन्युअस इंकजेट: शाई परवडते, मेकअप नाही

लातूरला आमची डाळमिल आहे. तूरडाळीच्या पाऊचवर बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि एमआरपी मारायला कंटिन्युअस इंकजेट प्रिंटर घेतला, त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. कंपनी कोणती ते लिहीत नाही, या जातीच्या मशीनचा स्वभाव सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच.

छपाईबद्दल तक्रार नाही. पाऊच पळत असताना अक्षर उमटतं, लगेच सुकतं. पण घेताना जो तो शाईचा भाव विचारतो आणि खिसा मात्र मेकअपच, म्हणजे घट्ट झालेली शाई पातळ करायला लागणारा द्रवच, रिकामा करतो.

का, ते मशीनच्या पोटात पाहिलं की कळतं. पंप साधारण तीन बारच्या दाबाने शाई हेडकडे ढकलतो. नोझलचं भोक 60-70 मायक्रॉनचं. पिझो क्रिस्टलच्या (वीज दिली की थरथरणाऱ्या स्फटिकाच्या) थरथरीने धार तुटून सेकंदाला हजारो एकसारखे थेंब पडतात. अक्षरात जायचं त्याच थेंबाला विजेचा भार मिळतो, आणि हाय व्होल्टेजच्या पट्ट्यांमधून जाताना जितका भार तितका तो वळतो. उरलेले, म्हणजे बहुतेक सगळेच, सरळ गटरमध्ये (थेंब झेलणाऱ्या नळीत) जाऊन टाकीत परत. लाईनवर पाऊच नसले तरी धार चालूच! गटर शाईबरोबर हवाही ओढतं. ती हवा टाकीतून बाहेर पडताना एमईकेची (मिथाइल इथाइल कीटोन, शाईतला उडून जाणारा द्रव) वाफ घेऊन जाते, शाई घट्ट होते. कंट्रोलला ते समजतं आणि तो हिशेबाने मेकअप सोडतो.

आता यात मे महिना घाला. पत्र्याचं शेड, बाहेर चाळिशीपार. उन्हाने शाई पातळ होते आणि वाफही जास्त उडते, म्हणजे कंट्रोलला दोन्हीकडून ओढाताण. मशीन ड्रायरच्या बाजूने हलवून सावलीच्या भिंतीला लावलं, तेव्हा कॅन जरा जास्त दिवस पुरायला लागला. कूलरचा ओला वारा हेडवर येऊ देऊ नका, ओलावा गटरमधून शाईत जातो. पावसाळ्यात तो तसाही येतोच.

डाळीची भुकटी हा वेगळा ताप. ती पट्ट्यांवर चिकटते, हाय व्होल्टेज ट्रिप होतं आणि ऑपरेटर हाक मारतो, "मालक, लाल बत्ती!" मग जेट बंद करायचा, हेड स्टीलच्या ट्रेवर धरायचं, वॉश बाटलीने पट्ट्या आणि गटरचं तोंड धुवायचं. काळं पाणी निथळतं, थिनरसारखा वास नाकात बसतो. पट्ट्या पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चालू केलं तर पुन्हा ट्रिप. एमईकेचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) उणे 9 अंश आहे, म्हणजे लातूरच्या थंडीतही तो पेट घेऊ शकतो. ट्रेला अर्थिंग हवंच, बिडी-सिगारेटवाल्यांना लांब ठेवा.

लाईट गेली तर नोझल धुतलं जात नाही आणि शाई आतच वाळते, म्हणून यूपीएस पहिल्या दिवसापासून. चहाच्या सुट्टीला बंद करू नका, दर बंद-चालूला मेकअप जातोच.

दिवसाला थोडेच पाऊच असतील तर रिबनवाला कोडर बरा. मोठी लाईन असेल तर हेच घ्या. फक्त भाव करताना मेकअपचा ताशी खप 40 अंशांवरचा मागा. माहितीपत्रकात बहुधा 20 अंशांवरचा छापलेला असतो.