शोकेसमध्ये काय ठेवायचं: शिंपल्यांचा गणपती की गोकाकची फळं?

माझ्या भाचीनं बेळगावच्या वडगावात घर बांधलं. हॉलमध्ये सुतारानं काचेच्या दारांचं चार खणांचं शोकेस करून दिलंय, ते अजून रिकामंच आहे. परवा तिनं विचारलं, "मावशी, फिरायला गेलो की आठवण म्हणून काहीतरी आणायचं असं ठरवलंय. मला ते मॅग्नेट, शिंपल्यांच्या वस्तू, असलंच आवडतं. हे म्हणतात, तो सगळा जत्रेचा माल, घरात पसारा नको. आणायची तर एकच आणूया, पण हातची चांगली वस्तू. तू सांग." दोन्ही प्रकारच्या वस्तू माझ्या घरात तीसेक वर्षं एकत्र नांदताहेत. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

आधी दोन्ही बाजू. एकीकडे भडक, स्वस्त, साच्यातून निघालेल्या वस्तू: गोव्याचं करवंटीचं माकड, बाटलीतलं जहाज, कन्याकुमारीचा शिंपल्यांचा आरसा, आग्र्याचा बोटभर ताजमहाल, गावाचं नाव लिहिलेली कीचेन. असल्या मालाला जगभर 'किच' म्हणतात. शब्द जर्मन. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या चित्रबाजारात झटपट रंगवून विकलेल्या स्वस्त चित्रांना तो चिकटला, आणि नाक मुरडण्याचा सूर त्यात तेव्हापासून आहे.

दुसरीकडे कारागिरी. ती शोधायला बेळगावकराला लांब जावं लागत नाही. गोकाकची रंगवलेली लाकडी फळं, आंबोली घाट उतरलं की सावंतवाडीच्या चितारआळीतली पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि हातानं रंगवलेले गंजिफाचे पत्ते, खानापूरची मातीची भांडी, अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपला. नाव कोल्हापुरी असलं तरी २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला जिल्हा आहे. (खाऊ मी या हिशेबात धरत नाही. कुंदा आणि करदंट वाटून संपवायलाच आणायचे.)

खर्च, जागा आणि आपला पाऊस

खर्चाचं फार सांगायला नको. मॅग्नेट सुट्ट्या पैशांत येतो, फळांची भरलेली टोपली घ्यायची तर आधी ठरवून पैसे बाजूला काढावे लागतात. जागाही मॅग्नेटला सगळ्यात कमी लागते, फक्त फ्रिजचं दार लोखंडी पत्र्याचं हवं. काचेच्या दाराला तो धरत नाही, स्टेनलेस स्टीलच्या काही दारांनाही नाही. एखादा जुना मॅग्नेट लावून बघा आणि मगच त्याचा छंद धरा.

टिकण्याचं म्हणाल तर चांगली वस्तू टिकते आणि स्वस्त जाते, असं सरसकट नाही. आपल्याकडचा पाऊस धरावा लागतो. श्रावण येईतो कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर आणि गवती टोपीवर पांढरी बुरशी आलेली असते. रेझिनच्या मॅग्नेटला तिचं काही नाही, तो पडला तर फुटतो तेवढंच. शिंपल्यांच्या खाचांत धूळ बसते, ती रंगाच्या जुन्या ब्रशनं निघते. गोकाकच्या फळांना पाणी लावायचं नाही, कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवायची. एवढं पाळलं म्हणून आईच्या टोपलीतलं सीताफळ आजही हिरवं आहे.

पाहुणा काय विचारतो

शहापूरच्या आमच्या जुन्या घरात आईचं शोकेस होतं. वरच्या खणात ती फळांची टोपली, खालच्यात शिंपल्यांचा गणपती, त्याच्या पोटात लाल दिवा. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की टोपलीकडं बघून विचारायच्या, "ही फळं कुठं मिळाली वो?" आणि गणपतीकडं बघून, "कन्याकुमारीला कोण गेल्तं?"

मला या दोन प्रश्नांतच सगळा फरक दिसतो. पहिल्याचं उत्तर दुकानापाशी संपतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला आई चहाचं आधण खाली उतरवून बसायची. आजोबांची चप्पल लाटेनं नेली. सूर्य ढगातच उगवला, तरी सगळ्यांनी हात जोडले. गणपती फुटू नये म्हणून परतीच्या गाडीत रात्रभर तो आळीपाळीनं मांडीवर घेतला. मी तेव्हा पाळण्यात होते. कन्याकुमारी मला जी माहीत आहे ती त्या लाल दिव्याच्या गणपतीमुळं.

सुंदर वस्तू स्वतःकडं बघायला लावते. लाकडी केळ्याची साल हुबेहूब कशी रंगवली, याचंच कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. शिंपल्यांच्या गणपतीकडं कौतुक करण्यासारखं काही नसतं, म्हणून बोलणं थेट प्रवासावर जातं. आपल्या माणसांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. काशीहून तांब्याच्या गडूत गंगाजळ आणलं, सौंदत्तीच्या डोंगरावरून यल्लम्माचा भंडारा आणि हिरव्या बांगड्या आणल्या, तेव्हा त्या दिसायला कशा आहेत असं कुणी विचारलं नाही. जाऊन आल्याची ती खूण. आत बर्फ पडणारा काचेचा गोळा तुम्ही पाहिला असेल. तो व्हिएन्नात १९०० च्या सुमारास एर्विन पेर्झी या कारागिरानं दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत केला, आणि त्यात पहिल्यांदा बसवलं ते मारियात्सेलचं चर्च, म्हणजे तिथल्या यात्रेचं ठिकाण. तिकडंही सुरुवात देवदर्शनापासूनच.

पण किचची ही ताकद कधी संपते तेही सांगते. एक, मोजणी सुटली की. फ्रिजवर चाळीस मॅग्नेट झाले की एकाचीही गोष्ट आठवत नाही. दोन, न पाहिलेल्या जागेचा माल घेतला की. एकाच साच्यातली होडी कुठं गोवा तर कुठं मालवण म्हणून विकतात. मालवणला पाय न लावता हायवेवरच्या दुकानातून ती उचलली, तर पाहुण्याला सांगणार काय? तीन, दुसऱ्यांनी आणून दिलेल्या वस्तू. त्यांत आठवण त्यांची असते, तुमची नाही. त्या प्रेमानं वापरा, शोकेसमध्ये नकोत.

पैसे कुणाच्या हातात जातात

इथं मी पूर्णपणे कारागिरीच्या बाजूची आहे. मॅग्नेटचा साचा कुणी केला, रंग कुणी दिला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याचं पोट त्यावर चालतं, हे मान्य. पण गोकाकमध्ये ज्या घरी मी फळं घेतली, तिथं पेरूचा हिरवट पिवळा रंग चढताना मी तासभर उकिडवी बसून पाहिला. तो पेरू शोकेसमध्ये आला तेव्हा त्यालाही गोष्ट होती. तोच पेरू मोबाइलवरून मागवला असता तर ती नुसती सजावट झाली असती. म्हणून भाचीच्या नवऱ्याला माझं सांगणं असं की हातची वस्तू हात चालताना बघून घ्या. घटप्रभेचा ५२ मीटरांचा धबधबा बघायला गोकाकला लोक जातातच. गावात एखादा तास जास्त काढा आणि कारागिराचं घर विचारत जा.

दोन ठिकाणी जपा

आग्र्याला आमच्या दिरांना संगमरवराच्या भावानं ताजमहाल विकला, घरी आल्यावर तो नखानं ओरखडला. संगमरवरावर नखाचा ओरखडा उठत नाही, मऊ शंखजिऱ्याच्या दगडावर उठतो. शंखजिऱ्याचा ताज वाईट नाही, तो त्याच्या भावानं घ्यावा. तळाला नख लावून बघायला दुकानदाराची परवानगी मागा. तो नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

दुसरं समुद्रकाठचं. प्रवाळ, समुद्रघोडे आणि शंख-शिंपल्यांच्या काही जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. त्यांचा व्यापार गुन्हा आहे. बारीक शिंपल्या चिकटवून केलेली वस्तू वेगळी. पण मोठा देखणा शंख किंवा प्रवाळाचं झुडूप कुणी कितीही स्वस्त देऊ दे, हात लावू नका. समुद्रातनं जिवंत काढलेली वस्तू आठवण म्हणून घरात नको, असं मला कायद्याआधी मनानंच वाटतं.

मग घ्यायचं काय

नवं घर असेल, मुलं लहान असतील, वर्षातनं दोन-तीन छोटे प्रवास होत असतील, तर बिनधास्त किच घ्या. मुलांना निवडू द्या. ती नेमकं सगळ्यात भडक उचलतात, आणि मोठेपणी नेमकं तेच त्यांना आठवतं. एका प्रवासाला एकच वस्तू, जिथं पाय लागले तिथलीच, आणि तळाला न पुसणाऱ्या पेनानं साल आणि सोबत असलेल्यांची नावं. आईनं हे केलं नाही म्हणून कन्याकुमारीचं साल आज आम्हा भावंडांत कुणालाच नक्की सांगता येत नाही.

प्रवास कमी होत असतील, किंवा जागा खरोखरच एका फळीएवढी असेल, तर कारागिरी घ्या. दोन वर्षांत एक पुरे. दुसऱ्याला भेट द्यायची असेल तर मात्र विचारच करू नका, हातचीच वस्तू द्या. तुमचा मॅग्नेट त्यांच्या फ्रिजवर परका.

भाची आणि तिचा नवरा येत्या माघात सौंदत्तीला जाणार आहेत, येताना वाटेत गोकाक करायचं म्हणतात. डोंगरावरून भंडाऱ्याची पुडी आणि तिथलाच एखादा लॅमिनेशन केलेला देवीचा फोटो ती घेईल, गोकाकमधून एखादं फळ तो घेईल. वरचा खण कुणाचा, यावर अजून त्यांचं ठरलेलं नाही. पेन मी दिलंय.